पर्यायी इतिहासाची विश्वरचना : पानिपतापासून अकोटपर्यंत

मराठी विज्ञानकथेचा विचार आजवर प्रामुख्याने कथा आणि कादंबरी या दोन रूपबंधांच्या अनुषंगाने झाला आहे. कथानक, वैज्ञानिक कल्पना, तिची संभाव्यता आणि मानवी आशय हे तिच्या समीक्षेचे नेहमीचे निकष होत. मात्र कथानक ज्या विश्वात घडते ते विश्व कसे रचले जाते, त्याचे नियम कोणते आणि ते कोठे तोकडे पडतात, हा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारला गेला. पर्यायी इतिहासावर आधारलेल्या विज्ञानकथेत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. कारण तेथे वाचकाला परिचित असलेले जगच थोडे बदलून त्याच्यापुढे ठेवलेले असते. अशा विश्वरचनेची तत्त्वे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी 'भूमिकाखेळ' या तुलनेने अपरिचित रूपबंधाचा आधार घेतला असून उदाहरणादाखल अकोट परिसराचे एक पर्यायी विश्व कसे उभे करता येईल, हे पाहिले आहे.

१. भूमिकाखेळ : स्वरूप

भूमिकाखेळ टेबलाभोवती बसून खेळला जातो. खेळणारे सामान्यतः चार-पाच जण असतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र स्वीकारतो. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि आपले पात्र त्या प्रसंगी काय करील, काय बोलेल, हे खेळाडू ठरवतो. कृतीची निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. साधने म्हणजे कागद, पेन्सिल, फासे आणि नियमांचे पुस्तक. शेवट कोणालाच, अगदी सूत्रधारालाही, आधी ठाऊक नसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारचा आद्य खेळ मानला जातो. त्याचे जग अद्भुतकथेचे होते. १९७७ मध्ये मार्क मिलर यांच्या 'ट्रॅव्हलर'ने हाच घाट विज्ञानकथेसाठी वापरला.

हा प्रकार परका वाटला तरी त्याची अंगे मराठी परंपरेला सर्वस्वी अनोळखी नाहीत. कोकणातील दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. तमाशातील बतावणी आणि वऱ्हाडातील दंडार यांतही उत्स्फूर्त भाषणाला मोठा वाव असतो. दुसऱ्या बाजूला परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट आहे. त्यात एक संपूर्ण नैतिक विश्व पटावर मांडलेले असते. परंतु खेळणाऱ्याला निवड नसते, फाशाप्रमाणे सोंगटी चढते किंवा घसरते. दशावतारातील उत्स्फूर्त वाणी आणि मोक्षपटातील नियमबद्ध विश्व एकत्र कल्पिले म्हणजे भूमिकाखेळाची कल्पना येते.

साहित्याच्या अभ्यासकाला या रूपबंधाचा उपयोग एका विशेष कारणाने आहे. कथेतील विश्व वाचक लेखकाने दाखविलेल्या खिडक्यांतूनच पाहतो. खेळातील पात्र मात्र कोणतेही दार उघडू शकते. ते बाजारात जाऊन कापसाचा भाव विचारील, कचेरीत जाऊन अर्ज देईल, विहिरीचे पाणी चाखील. सूत्रधारापाशी उत्तर नसेल तर विश्व तेथेच कोसळते. म्हणून खेळासाठी केलेली विश्वरचना ही एका दृष्टीने कथाविश्वाची सर्वांत कठोर परीक्षा ठरते.

२. 'गंगाधरपंतांचे पानिपत' : एक वस्तुपाठ

मराठीतील पर्यायी इतिहासाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पोहोचतात की जेथे पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. वास्तवात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले. या दुसऱ्या जगात ती गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते. पुढे मराठी सत्ता दृढ होते, पेशवे विज्ञानाची केंद्रे उभारतात, कंपनी सरकार किनाऱ्यालगतच्या काही ठाण्यांपुरते उरते आणि विसाव्या शतकात लोकशाही येते. गंगाधरपंतांना हे सर्व मुंबईतील ग्रंथालयात वाचून कळते. परत येताना त्यांच्या खिशात राहिलेले बखरीचे फाटके पान हा त्या जगाचा एकमेव पुरावा असतो.

या कथेतून विश्वरचनेची तीन तत्त्वे मिळतात. पहिले तत्त्व फाट्याचे. रस्त्याला फाटा फुटावा त्याप्रमाणे इतिहासाला एका निश्चित ठिकाणी फाटा फुटतो. तो जितका लहान तितका विश्वासार्ह. नारळीकर सेना बदलत नाहीत की सेनापती बदलत नाहीत. गोळीचा मार्ग बोटभर बदलतात. दुसरे तत्त्व कारणमीमांसेचे. एका लहान बदलाने परिस्थिती एकाएकी दुसऱ्या अवस्थेत कशी जाते, याचे स्पष्टीकरण कथेतील राजेंद्र देशपांडे हे पात्र 'कॅटॅस्ट्रॉफी' सिद्धान्ताच्या आणि पुंजवादातील अनिश्चिततेच्या आधारे देते. शक्य त्या सर्व निष्पत्ती वेगवेगळ्या विश्वांत प्रत्यक्षात येतात, ही ह्यू एव्हरेट याने १९५७ मध्ये मांडलेली उपपत्तीही याच विचाराशी नाते सांगते. तिसरे तत्त्व पुराव्याचे. पर्यायी जगालाही त्याचे ग्रंथ असतात, त्याची बखर असते. ते जग स्वतःचा इतिहास स्वतः लिहिते.

खेळाच्या कसोटीला मात्र हीच कथा निराळे प्रश्न उपस्थित करते. गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्स्प्रेसने जातात. वास्तवातील बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने पूर्ण केला. या जगात तो कोणी बांधला, भांडवल कोणाचे, घाट फोडणारे मजूर कोठले, त्यांना मजुरी कोणत्या नाण्यात मिळाली? लघुकथेला या प्रश्नांची उत्तरे देण्याचे कारण नाही. तिचा विषय एका इतिहासकाराला बसलेला धक्का हा आहे आणि तो साधण्यासाठी आगगाडीची एक खिडक��� पुरते. परंतु त्याच गाडीच्या तिसऱ्या वर्गात बसलेल्या एखाद्या खेळाडूने हे प्रश्न विचारले की विश्वाचा आराखडा दाखवावा लागतो. पानिपताच्या जयाने सिंहासनाचा प्रश्न सुटतो. मजुराचा सुटतो की नाही, हे वेगळे सांगावे लागते.

३. अकोट परिसर : मोठा फाटा आणि लहान फाटा

विश्वरचनेसाठी दिल्ली-पुण्याचेच रंगस्थळ हवे असे नाही. अकोटच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर अडगाव आहे. येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेची आणि नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याची लढाई झाली. भोसल्यांकडील नेतृत्व दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. शिंद्यांचे काही घोडदळही त्यांच्याबरोबर होते. इंग्रज सैन्य दिवसभराच्या मजलेने थकले होते. मराठी तोफांच्या पहिल्या माऱ्यासरशी, असईच्या रणात दोनच महिन्यांपूर्वी टिकून राहिलेल्या काही देशी पलटणी उधळल्या. वेलस्ली योगायोगाने जवळ होता; त्याने त्यांना आवरून पुन्हा रांगेत आणले. आपण तेथे नसतो तर लढाई हातची गेली असती, अशा आशयाची कबुली त्याने स्वतःच दिली आहे. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक प्रांत कंपनीकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेला.

पर्यायी इतिहासाचा फाटा म्हणून ही घटना अत्यंत मोहक आहे. पलटणी आवरल्या गेल्या नाहीत एवढे मानले की पुरे. परंतु हा फाटा वाटतो तितका स्थानिक नाही. अडगावला पराभूत झालेला वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक होईलच असे नाही. मग १८१५ चे वॉटर्लू, नेपोलियनचा अंत आणि युरोपचा सारा नकाशा बदलावा लागेल. रचनाकाराची बहुतेक शक्ती युरोप सावरण्यात खर्च होईल आणि वऱ्हाड पुन्हा कोपऱ्यात पडेल. फाटा लहान दिसतो, पण त्याचे परिणाम मोठे असतात. असा फाटा निवडण्यापूर्वी ते परिणाम कोठवर जातात हे मोजणे अगत्याचे असते.

त्याच तहात दुसरा, फारसा प्रसिद्ध नसलेला फाटा दडलेला आहे. वऱ्हाड गेले तरी नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले व त्यांच्या लगतचा चार लाख रुपये वसुलीचा मुलूख भोसल्यांकडेच ठेवण्यात आला. नरनाळ्याच्या पायथ्याचा अकोट परिसर त्यात मोडत होता. म्हणजे भोवतालचे वऱ्हाड निजामाचे झाले असतानाही सातपुड्याच्या पायथ्याची ही चिंचोळी पट्टी काही वर्षे नागपूरकरांची राहिली. अप्पासाहेब भोसल्यांच्या १८१७–१८ च्या संघर्षानंतर तीही हातची गेली आणि १८२२ मध्ये निजामाच्या राज्यात सामील झाली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ मध्ये ते सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने दिले आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले.

१८२२ मध्ये ही पट्टी हस्तांतरित झाली नाही, एवढाच बदल कल्पावा. येथे वॉटर्लू हलत नाही, कलकत्ता हलत नाही. दोन किल्ले आणि काही परगणे यांचे एक छोटे संस्थान निजाम आणि कंपनी यांच्या सांदीत टिकून राहते. त्याला कोणी गिळत नाही, कारण ते कोणी गिळावे यावर दोघांचे एकमत होत नाही. अशी संस्थाने हिंदुस्थानात शेकड्यांनी टिकली. म्हणून हा बदल अवास्तव नाही. येथे बखरीत गाजेल असे काही घडत नाही. तरीही खेळासाठी हाच फाटा अधिक फलदायी आहे. त्याचे परिणाम एका तालुक्याच्या आवाक्यात राहतात आणि रचनाकाराला ते शेवटपर्यंत तपासता येतात.

४. विज्ञानाचे स्थान

केवळ पर्यायी इतिहास म्हणजे विज्ञानकथा नव्हे. बदललेल्या जगात ज्ञानाची आणि यंत्रांची वाटही बदलली पाहिजे आणि ती त्या भूमीतून निघाली पाहिजे. येथे पुष्कळ रचनाकार चूक करतात. ते तयार यंत्र बाहेरून आणून बसवितात. वाफेची विमाने उडू लागतात आणि खालची जमीन मात्र होती तशीच राहते.

अकोट परिसरात पहिला प्रश्न पाण्याचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजल खारट आहे. अकोट तालुक्याचा दक्षिण भाग या पट्ट्यात येतो, तर उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोडे पाणी आहे. केळी, संत्री आणि पानपिंपरीचे मळे तेथे होतात. आता वाफेचे इंजिन आणावे. खाऱ्या पाण्याने बाष्पपात्राच्या आत क्षारांचे थर साचतात आणि ते लवकर निकामी होते. म्हणून कापूस पिकतो त्या काळ्या जमिनीत इंजिन चालत नाही. ते चालते गोड्या पाण्याच्या पायथ्याशी. तेथे सरपण लागते आणि सरपण मेळघाटच्या जंगलात आहे. त्या जंगलात कोरकू राहतात. विहिरीच्या चवीपासून निघालेली ही साखळी आपोआप सत्तेच्या प्रश्नापर्यंत पोहोचते : कापूस एकाचा, पाणी दुसऱ्याचे, जंगल तिसऱ्याचे. पात्रांमधील संघर्ष रचनाकाराला वेगळा शोधावा लागत नाही.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. १८२२ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या छोट्या नमुन्याची माहिती तेथील खगोल संस्थेपुढे ठेवली. इकडे दक्षिणेकडून निघालेले रेखावृत्ताच्या महाचापाचे मोजमाप विदर्भात येऊन पोहोचले होते. त्याचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला मरण पावला. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले. भूमापनाच्या कागदांत 'टाकलखेरा' म्हणून नोंदलेले अचलपूरजवळचे ठिकाण हे या चापावरील एक महत्त्वाचे खगोलीय निरीक्षणस्थान होते. पृथ्वीचा आकार मोजणारे त्या काळातील एक अत्यंत सूक्ष्म शास्त्र अकोटपासून दोन-तीन दिवसांच्या पायी मजलेवर प्रत्यक्ष चालू होते. या कामाला कोन मोजणारे, रात्री दिवे दाखविणारे आणि आकडेमोड करणारे असंख्य हात लागत. १८३१ मध्ये भूमापन खात्यात संगणक म्हणून दाखल झालेले राधानाथ सिकदार हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव.

या दोन गोष्टी जोडल्या की संस्थानाचे विज्ञान दिसू लागते. ज्या राज्यापाशी वाफ अपुरी आहे, पण उंच किल्ले आहेत, निरभ्र आकाशाचे महिने आहेत आणि मोजणीची विद्या शिकलेली माणसे आहेत, ते राज्य प्रकाश-संदेश आणि गणनेकडे वळेल. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने १७९० च्या दशकातच मनोऱ्यावरून मनोऱ्याला संदेश पाठविण्याची व्यवस्था उभारली होती. नरनाळ्यावर आरसे आणि दिवे लावून कापसाचा भाव, पुराची वार्ता आणि सरहद्दीवरची हालचाल पाठविणारे राज्य अशक्य कोटीतले राहत नाही. संदेश वाढले की सांकेतिक लिपी येते, लिपी आली की ती उलगडणारी यंत्रे येतात. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू होऊन लँकेशायरला कापूस तुटतो, तेव्हा वऱ्हाडी कापसाचा भाव सर्वांत आधी कळणारे ठिकाण कोणते, हा प्रश्न मग केवळ व्यापाराचा राहत नाही. येथे माहितीच राज्याचे शस्त्र होते. वास्तवातल्या वऱ्हाडात ही माहिती लोहमार्ग आणि तारायंत्राबरोबर बाहेरून आली. या पर्यायी पट्टीत ती डोंगरावर तयार होते.

नियमांच्या भाषेत हे असे उतरते. दिवस निरभ्र असेल तर संदेश त्वरित पोहोचतो. पावसाळ्यात फासे टाकावे लागतात. खारपाणपट्ट्यात नेलेले कोणतेही बाष्पयंत्र ठराविक दिवसांनी दुरुस्तीला येते. जंगलातून सरपण न्यावयाचे तर कोरकू गावाशी बोलणी करावी लागतात आणि त्या बोलण्यांत त्यांची भाषा जाणणारे पात्र नसेल तर यश दुरापास्त होते. विज्ञान येथे खेळातील नियमांतूनच जाणवते. त्याची वेगळी वर्णने करावी लागत नाहीत.

५. कोणती मराठी?

भूमिकाखेळ बोलून खेळला जातो. म्हणून मराठीत असा खेळ रचताना भाषा हा विश्वाचा तपशील नसून त्याचा पायाच असतो. प्रश्न असा की या पर्यायी संस्थानातील लोक कोणती मराठी बोलतील आणि कोणती लिहितील?

आजची प्रमाण मराठी ही एका विशिष्ट इतिहासाची निष्पत्ती आहे. मुंबई इलाख्यातील सरकारी शिक्षण, क्रमिक पुस्तके, १८३१ चा मोल्सवर्थचा कोश आणि पुण्याकडील शास्त्रीमंडळींचा त्यांतील सहभाग यांनी तिचे वळण निश्चित केले. पण त्यापूर्वी मराठी छपाईचा आरंभ मुंबईत नव्हे, तर बंगालमध्ये श्रीरामपूरला झाला होता. तेथे विल्यम कॅरी यांना साहाय्य करणारे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकडचे होते. कॅरी यांचा १८१० चा मराठी कोश मोडी टाइपात छापला गेला. नागपूर-वऱ्हाडकडील वळणाची आणि मोडीत छापलेली मराठी ही कविकल्पना नव्हे. ती प्रत्यक्षात सुरू होऊन मागे पडलेली वाट आहे. मराठी गद्याच्या इतिहासातही असे फाटे आहेत. अभ्यासकांनी त्यांच्याकडे 'अपूर्ण प्रयत्न' म्हणून पाहण्याऐवजी 'न घडलेल्या शक्यता' म्हणून पाहिले तर प्रमाणभाषेच्या चर्चेला वेगळे परिमाण मिळेल.

नागपूरकरांच्या आश्रयाखाली राहिलेल्या संस्थानात ही वाट पुढे गेली असे मानावे. मग कचेरीतले हुकूम मोडीत छापले जातील. शाळेच्या पुस्तकात 'माझा' ऐवजी 'माहा' आणि 'का' ऐवजी 'काहून' प्रतिष्ठित असेल. 'येजो', 'जाजो' ही आर्जवाची रूपे व्याकरणात नमूद होतील आणि 'डोळा' हा उच्चार पुणेरी बोलीचा विशेष म्हणून तळटीपेत जाईल, कारण मूळ शब्द 'डोया' असेल. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी जेथे संकलित केल्या ते ऋद्धपूर याच वऱ्हाडात आहे. तेव्हा या संस्थानातील पंडित आपल्या गद्याची परंपरा थेट महानुभावांशी जोडतील, यात आश्चर्य नाही.

याचा परिणाम खेळणाऱ्यांवर होतो. अकोटच्या महाविद्यालयातील विद्यार्थी वर्गात एक भाषा आणि घरी दुसरी बोलतो. नाटकात वा कथेत आपली बोली त्याला बहुधा विनोदासाठी वापरलेली आढळते. येथे तीच बोली न्यायाधीशाच्या, गणितीच्या आणि तहाची कलमे वाचणाऱ्या वकिलाच्या तोंडी येते. खगोलावरील वाद वऱ्हाडीत घालताना पारिभाषिक शब्द घडवावे लागतात आणि ते घडविण्याचा अधिकार खेळणाऱ्याकडे येतो. एवढी एक गोष्ट साधली तरी अशा विश्वरचनेचे प्रयोजन सिद्ध झाले असे म्हणता येईल.

मात्र येथेही सावधगिरी हवी. वऱ्हाडी प्रमाण झाली म्हणजे भाषिक उतरंड संपली असे होत नाही. मेळघाटातली कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे. पुण्याच्या मराठीने वऱ्हाडीला जे केले तेच वऱ्हाडीने कोरकूला केले, तर पर्यायी जगात फक्त वरच्या पायरीवरचा माणूस बदलला असा त्याचा अर्थ होईल. रचनाकाराने हे लपवू नये. खेळात तो प्रश्न म्हणून उभा करावा.

६. विश्वरचनेतील धोके

पर्यायी इतिहासाच्या मोहात तीन धोके असतात. पहिला धोका अभिमानाचा. पराभव पुसून टाकण्याची इच्छा ही या प्रकाराची आदिम प्रेरणा आहे आणि ती मराठी मनाला नवी नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याची आशा इतकी प्रबळ होती की भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देऊनच ते प्रकरण मिटवावे लागले. न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' या नाटकात हा विषय हाताळला. तोतयाला मानणारे लोक एका अर्थाने पर्यायी इतिहासात राहत होते. परंतु त्यांना हवे होते ते जुनेच जग, विजयासह. नारळीकरांचे गंगाधरपंत या मोहातून बाहेर पडतात, कारण त्या जगात त्यांना स्वतःला जागा नाही.

दुसरा धोका यंत्राचा. फ्रँक चॅडविक यांच्या 'स्पेस : १८८९' (१९८८) या खेळात एडिसनच्या शोधामुळे एकोणिसाव्या शतकातच माणूस मंगळावर पोहोचतो. कल्पना रम्य आहे. परंतु तेथेही युरोपीय सत्ता वसाहतीच स्थापन करतात आणि मंगळावरील ब्रिटिश अंमलाचे चित्र हिंदुस्थानातील अंमलावर बेतलेले दिसते. यंत्रे बदलली, ग्रह बदलला. राज्यकर्ता आणि रयत यांचे नाते बदलले नाही. हिंदुस्थानी खेळाडूने तो खेळ मांडला तर त्याने कोणाची भूमिका घ्यावयाची, हा प्रश्न त्या रचनेने पुरेसा विचारात घेतलेला नाही.

तिसरा धोका विस्मरणाचा. अडगावच्या लढाईचे तपशील मुख्यतः जेत्याच्या खलित्यांतून आपल्यापर्यंत येतात. उधळलेल्या देशी पलटणीतील शिपायाला काय वाटले, सिरसोली-अडगावच्या शिवारात उभी पिके होती त्यांचे काय झाले, हे त्या खलित्यांचे विषय नव्हते. पर्यायी जग रचणारा केवळ जय-पराजयाची अदलाबदल करील तर ही मौने तशीच राहतील. पुढच्या काळाबाबतही हेच. कापसाच्या तेजीने वऱ्हाड समृद्ध झाले म्हणतात त्याच शतकाच्या अखेरीस, १८९९–१९०० मध्ये, येथे भीषण दुष्काळ पडला. पर्यायी पट्टीत तो दुष्काळ पडेल काय? पाऊस तर राजकारणाने बदलत नाही. मग अवर्षण तेच ठेवून धान्य कोणापर्यंत पोहोचते एवढेच रचनाकाराला बदलता येते. नरनाळ्यावरचा दिवा कापसाचा भाव आधी कळवितो. ज्वारी संपल्याची वार्ता तो कळवील काय, आणि कळविली तर कोठार उघडण्याचा हुकूम कोण देईल? हा प्रसंग खेळासाठी लढाईहून अधिक कसोटीचा आहे. त्यात प्रत्येक पात्राला, सरकी वेचणाऱ्या बाईपासून किल्लेदारापर्यंत, काही तरी करता येते आणि केलेल्याची किंमत मोजावी लागते.

७. समारोप

वरील विवेचनातून पर्यायी विश्वरचनेचे काही निकष हाती लागतात. फाटा लहान असावा आणि त्याचे परिणाम रचनाकाराच्या आवाक्यात राहावेत. विज्ञान त्या भूमीच्या पाण्यातून, दगडातून आणि तेथे पोहोचलेल्या ज्ञानातून निघावे. भाषा ही विश्वाचा भाग म्हणून रचली जावी. ज्यांची नोंद इतिहासाने ठेवली नाही, त्यांना या जगात कृतीचा अधिकार असावा. हे निकष खेळापुरते मर्यादित नाहीत. मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेतही ते वापरता येतील. कथाविश्वातील बंद दारे कोणती आणि ती लेखकाने हेतुतः बंद ठेवली की त्याला ती दिसलीच नाहीत, हे त्यांच्या साहाय्याने तपासता येईल.

पदव्युत्तर वर्गासाठी यातून एक उपक्रमही सुचतो. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या इतिहासातील एखादा लहान फाटा निवडावा, गॅझेटिअर, तहनामे, मोडी कागद आणि वृद्धांच्या आठवणी यांच्या आधारे आराखडा तयार करावा आणि चार-पाच जणांनी बसून तो खेळून पाहावा. ज्या प्रश्नाला सूत्रधारापाशी उत्तर नसेल तो प्रश्न लिहून ठेवावा. अकोटच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केला तर त्या यादीतील पहिले प्रश्न बहुधा विहिरीच्या पाण्याविषयी, कापसाच्या मजुरीविषयी आणि डोंगरापलीकडच्या भाषेविषयी असतील. त्यांची उत्तरे पर्यायी जगापुरती रचून भागणार नाही. ती आधी प्रत्यक्ष वऱ्हाडाच्या इतिहासात शोधावी लागतील.